लंकाबाईचा उजवा हात

भिमाजी हाडं बसवायचा. माणसांची नव्हे, जनावरांची. शेवगावच्या अंगाला बोरखडी म्हणून एक खडकाळ गाव आहे, तिथं कुणाच्या वासराचा पाय मोडला, कुणाची शेळी बांधावरून कोसळली, की मालक आधी भिमाजीच्या दारात यायचा. एरंडाची पानं, बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराची पट्टी, एवढ्यावर त्याचा दवाखाना चालायचा. बांधलेला पाय हलू द्यायचा नाही, हा त्याचा एकुलता एक मंत्र. पुढं ते वासरू उंडारायला लागलं की भिमाजी तिकडं मान वळवायचा नाही. नुसता मिशीवरून हात फिरवायचा. सगळ्या गावाला कळायचं, की यानं बघितलं.

त्यामुळं त्यानं आपल्या बायकोचा हात तसाच करकचून बांधला तेव्हा कुणाची भुवई हलली नाही. उलट आळीतल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलं लंकाबाईनं.

लंकाबाईला उजव्या छातीत गाठ आली ती लढाईच्या दिवसांत, रॉकेल मिळायचं नाही त्या साली. बोराएवढी होती तोवर ती गप्प राहिली. लिंबाएवढी झाली तेव्हा सासूला, भागूबाईला, सांगितलं. भागूबाईच्या पोटात गोष्ट राहिली तर पोट दुखायचं, तेव्हा दिवेलागणीला गाठ साऱ्या गावाची झाली. ज्याला त्याला औषध ठाऊक. कुणी बिब्बा घालायला सांगितला, कुणी कोंबडं उतरून टाकायला. बिब्ब्यानं कातडं पोळलं, कोंबडं भगतानं खाल्लं, गाठ होती तिथंच राहिली. शेवटी भिमाजीनं गाडी जुंपली, पुढं मोटार धरली आणि तिला नगरला मिशनच्या दवाखान्यात नेऊन घातलं.

तिथल्या गोऱ्या डॉक्टरणीनं, मडमनं, गाठ काढली आणि गाठीबरोबर सगळी छाती, काखेपर्यंत. निघताना तिथल्या नर्सनं बजावलं होतं, "बाई, हात हलवत ऱ्हायचं बरं. रोज थोडा थोडा वर न्यायचा. दुखलं तरी न्यायचा." भिमाजीनं मान डोलावली, पण त्याचं ध्यान आभाळाकडं. पेरणी तोंडावर आलेली. घरी आल्यावर त्यानं आईला विचारलं.

"शिवलेली जागा कुनी हलवतं व्हय?" भागूबाई म्हणाली. "कालची पोर ती, तिला काय कळतंय. टाकं उसवलं म्हंजे?"

भिमाजीला ते पटलं. त्याच्या मंत्रात बसणारं होतं. त्यानं कामट्या तासल्या, चांगल्या मऊ केल्या, आणि लंकाबाईचा उजवा हात अंगाशी धरून बांधून टाकला. पावसाळाभर तो हात तसाच राहिला. आणि एक सांगायलाच हवं, त्या घरात सासू-सुनेचं इतकं सूत कधी जमलं नव्हतं. भागूबाई तिची वेणी घालायची, घास भरवायची, कुणी चौकशीला आलं की पदर डोळ्याला लावायची. एरवी सुनेच्या भाकरीला नावं ठेवणारी म्हातारी स्वतः भाकरी थापून म्हणायची, "खा माजी बाय." माया होती, त्यात खोट काढता येणार नाही. मायेनंच घात केला.

दसऱ्याला पट्टी सोडली. जखम छान भरून आलेली. हात मात्र वाळक्या फांदीसारखा अंगाला धरून बसलेला. पुढं वीतभर सरकायचा, वर म्हणून जायचा नाही. भिमाजीनं तेल लावून ओढून बघितला तर ती अशी ओरडली, की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. मग भिमाजी त्या हाताकडं बराच वेळ बघत बसला. ती नजर लंकाबाईला ओळखीची होती. जन्माचं लंगडं राहणार अशा वासराकडं तो असंच बघायचा, आणि मग मालकाला म्हणायचा, बाजार दाखवा. या खेपेला तो काही बोलला नाही.

बोलली ती भागूबाई, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबली नाही. भाकरी थापता येत नाही, पाणी शेंदता येत नाही, डोक्यावर हंडा धरता येत नाही, स्वतःचा अंबाडासुद्धा दुसऱ्यानं बांधायचा. पोटी एक लेक, ती सासरी. वेणी घालायचे दिवस सरले. श्रीगोंद्याकडं, उसाच्या गावात, काकासाहेब म्हणून भागूबाईचा लांबचा भाऊ राहायचा. त्याची एक पुतणी उजवायची होती.

"सुगी हुईस्तवर वाट बघायची," भागूबाईनं मुलाला लंकाबाईच्या देखत सांगितलं. "तवर हिनं पान्याचा भरला हंडा डोईवरून घरी आनला तर ऱ्हायलं. न्हाई आनला तर मी श्रीगोंद्याला जानार."

भिमाजी हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्या घरात याचा अर्थ हो असाच व्हायचा.

पौषात शाळू निसवला, कणसं भरली, आणि बिनकामाच्या लंकाबाईला राखणीला धाडलं. वावरात चार खांबांवर माळा उभा केलेला. त्यावर बसून ती डाव्या हातानं रॉकेलचा रिकामा डबा बडवायची. पहिल्यांदा पाखरं उडाली. मग त्यांना त्या डब्याची सवय झाली.

शेजारचं पट्टीएवढं वावर शलमोनचं. त्याच्या माळ्यावर त्याची भावजय राखण करायची. ही मार्था. मिशनच्या शाळेतले मोझेस मास्तर वारले त्यांची बायको. लेकरू नाही, बाळ नाही, दिराच्या वावरात राबायची. उंच, हाडकुळी, आणि जिभेला हाड नसलेली. गोफण अशी फिरवायची की सुटलेल्या दोरीचा आवाज ओढ्यापलीकडं जायचा. दोन वावरांत एक बांध आणि बांधापेक्षा मोठं सोवळं. लंकाबाईचं घर पाटलाच्या भाऊबंदांतलं, मार्थाचं गावकुसाबाहेर, ख्रिस्ती वस्तीत. इतक्या वर्षांत दोघी एकमेकींशी कामापलीकडं बोललेल्या नव्हत्या.

"लंकाबाय," एका सकाळी मार्थानं तिकडून हाळी दिली, "तेवढा डबा थांबवा. चिमन्यांना वाटतंय, वाजंत्री लावून पंगत बसवलीय."

लंकाबाईनं डबा खाली ठेवला. "मंग काय करू? माजा हात उठत न्हाई."

"का न्हाई उठत?"

"बांधला हुता."

"कुनी?"

"आमच्या मालकांनी. पावसाळाभर."

"वासरावानी?"

"व्हय."

एवढ्यावर मार्था हसेल असं लंकाबाईला वाटलं होतं. ती हसली नाही. माळ्यावरून उतरली, बांध ओलांडून आली आणि म्हणाली, "खाली या जरा. इथं उंच शाळवात या." लंकाबाई उतरली. मार्थानं इकडंतिकडं बघितलं, चोळीची गाठ सोडली आणि आतून कापसाचा एक गोळा काढून हातावर धरला. गोळा होता ती जागा सपाट. काखेपासून खाली आलेला तोच आडवा व्रण, लंकाबाईच्यासारखाच, जुना होऊन पांढरा पडलेला.

लंकाबाई बघतच राहिली. कुणाच्या चुलीवर काय शिजतं हे वासावरून सांगणारं गाव. त्या गावात ही बाई अशी वर्षानुवर्षं हिंडली आणि कुणाला काही कळलं नाही.

"मास्तरांना तेवढं ठावं हुतं," मार्था कापूस परत कोंबत म्हणाली. "ते गेले. आता तुमाला. वाऱ्याच्या दिशी लई तरास बगा, सरकतं ते. मागं एकदा गोफन फिरवताना पडलं खाली, तर कावळ्यानं उचललं. माजी छाती बाभळीच्या शेंड्यावर घरट्यात हाय."

लंकाबाईला हसू फुटलं. दवाखान्यातून आल्यापासून ती हसली नव्हती. हसल्यावर व्रण ताणला आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याला मग वाटच मिळाली.

मार्थानं तिचं रडणं होऊ दिलं आणि मग तिचा कोपर धरला. शिवली, असं लंकाबाईच्या मनात आलं. आता घरी जाऊन आंघोळ करायला हवी. पण आंघोळीला पाणी शेंदायचं तर हात हवा, आणि हात तर हिच्याच हातात. तिनं तो विचार तिथंच सोडून दिला.

सुरुवात बिनदगडाच्या गोफणीनं झाली. नुसती दोरी मांडीजवळ गोल फिरवायची, रहाट फिरवल्यासारखी. मग कमरेजवळ. खांद्यात आतून काहीतरी करकरायचं, लंकाबाईला घाम फुटायचा, ती मटकन खाली बसायची. मार्था तिला उठवायची नाही. आपल्या माळ्यावर जाऊन पाखरं हाकायची आणि थोड्या वेळानं म्हणायची, "झालं का बसून?" संक्रांतीच्या सुमारास पहिला दगड सुटला. तो मागं गेला.

"कुनाच्या नावाचा हुता?" मार्थानं विचारलं.

"आत्याबाईंच्या."

"मंग बारका घेतला. जरा मोठा घे."

या बोलण्यात 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही. मग प्रत्येक दगडाला नाव मिळायला लागलं. एक बिब्ब्याचा, एक कोंबडं खाल्लेल्या भगताचा, श्रीगोंद्याच्या काकासाहेबाचे तर किती तरी. भिमाजीच्या नावाचा दगड लंकाबाईनं पुष्कळ दिवस उचलला नाही. मग एकदा उचलला, हातात घोळवला आणि खाली टाकून दिला. "त्यांनी कामट्या मऊ केल्या हुत्या गं," म्हणाली.

मार्थानं गोफण खांद्यावर टाकली. "म्हनून तर राग येतो," ती म्हणाली.

शाळू काढला, खळी झाली, राखायला काही उरलं नाही. तरी तिसऱ्या प्रहरी दोघी माळावर जायच्या. तिथं एक वठलेली बाभूळ होती, तिच्या फांदीला मार्थानं फुटकं मडकं टांगलं. दोघी आळीपाळीनं नेम धरायच्या. मार्थाचा दगड मडक्याला लागायचा, लंकाबाईचा बाभळीच्याही पलीकडं. पण तो आता डोक्यावरून फिरून सुटत होता. एका दुपारी ती माळावर आली तेव्हा तिच्या डोक्यावर अंबाडा होता. वाकडा, एका कानावर कललेला, पण स्वतः बांधलेला. मार्थानं तिच्याभोवती एक फेरी मारली. "घार बसलीय जनू," म्हणाली, आणि तो सोडून नीट बांधून दिला नाही. तसाच राहू दिला.

गावाला तर विषय मिळाला. पाराजवळ पुंजाराम विचारायचा, "काय राखत्यात रं त्या? दगडं?" शेजारची मुक्ताबाई म्हणायची, एक रिकामी हुती, आता दोन झाल्या. भागूबाईला यातलं काहीच गोड लागेना. मास्तरणीनं सुनेला बाटवायला घेतलंय, असं तिनं दारोदार सांगून घेतलं. घरी आल्यावर लंकाबाईवर गोमूत्र शिंपडायची, मगच उंबऱ्याच्या आत घ्यायची.

शिमगा झाला आणि मार्थाचे दगड आखूड पडायला लागले. आधी बाभळीच्या बुंध्याशी, मग त्याच्याही अलीकडं. खोकला होता, तो धुळीचा आहे म्हणायची. एका दिवशी गोफण फिरवता फिरवता ती पाठ धरून खाली बसली.

"दवाखान्यात चल," लंकाबाई म्हणाली. "मी येते संगं."

"जाऊन आले. मागल्या आठवड्यात, शलमोनबरूबर."

"मंग? काय म्हनली मडम?"

"मडमनं च्या पाजला."

"आन्?"

"मडम च्या पाजती तवा काय समजायचं ते समजायचं, लंके."

लंकाबाई तिच्याजवळ बसली. तिच्या मनात एक गोष्ट पक्की होती, जी तिनं कधी बोलून दाखवली नव्हती. तिला वाटायचं, हात वर गेला की आजार गेला. मार्थाची गोफण इतक्या जोरात वाजते, तेव्हा तिच्या अंगात दुसरं काही शिरायला जागाच नसेल.

"पर तुजा हात तर कसा चालायचा," ती म्हणाली. ते तक्रारीसारखं आलं.

"गोफनीनं चिमन्या उडत्यात," मार्था म्हणाली. "बाकी काय उडत न्हाई. ऊठ, तुजी पाळी हाय."

चैत्र संपता संपता मार्था अंथरुणाला खिळली. त्याच सुमाराला भागूबाईनं शब्द काढला. सुगी होऊन गेली, काकासाहेबाचे दोन निरोप येऊन पडले. "उद्याच्या सकाळी हंडा," ती लंकाबाईला म्हणाली. "न्हाईतर परवा मी मोटारीत."

त्या उन्हाळ्यात नदीला झिरा तेवढा उरला होता. वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं भरायचं. वस्तीचा आड कधीच आटलेला, आणि झिऱ्याला त्या लोकांनी हात लावायचा नाही. लांब बसायचं, गावातल्या कुणाला दया आली तर ती वरून ओतणार. लंकाबाई पितळेचा हंडा घेऊन गेली तेव्हा शलमोनची बायको रोझी घागर घेऊन वाळूत बसलेली होती. बायका येत होत्या, भरून जात होत्या, प्रत्येकीला घाई.

"कधीची बसलीस?" लंकाबाईनं विचारलं.

"तांबडं फुटायच्या आधीपास्नं. जाऊबाईंचं अंग भाजतंय. कपाळावर ठिवायला वल्लं फडकं न्हाई घरात."

लंकाबाईनं आधी रोझीची घागर भरली. मग आपला हंडा. मग तो गुडघ्यावर घेतला, तिथून खांद्यावर, आणि श्वास धरून डोक्यावर. उजवा हात वर गेला. व्रणाचं कातडं चराचरा ताणलं, काखेत सुरी फिरल्यासारखं झालं, पाणी हिंदकळून तोंडावर आलं. पण हात वर राहिला आणि हंडा डोक्यावर राहिला. मागच्या बायका घाई विसरून बघत होत्या.

भागूबाई ओट्यावर उभी होती. भिमाजी गोठ्याच्या तोंडाशी, हातात दावं. वेशीतून लंकाबाई येताना दिसली, उजवा हात वर, हंडा भरलेला, तशी भागूबाईचा चेहरा सैल पडला. म्हातारीला नवी सून हवी होती असं नाही. तिला पाणी हवं होतं. ती दारातून बाजूला सरकली, आत यायला वाट दिली. भिमाजीनं मान वळवली नाही. त्यानं मिशीवरून हात फिरवला.

लंकाबाईनं ते बघितलं. हंडा उतरवला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. तिच्या पुढं रोझी चालली होती, एवढीशी घागर घेऊन, आणि तापानं भाजणाऱ्या माणसाला एवढीशी घागर किती पुरणार. लंकाबाई आपल्या दारावरून पुढं गेली. ओटा गेला, मारुती गेला, गावकूस गेलं. भागूबाईनं मागून हाक मारली ती हवेत राहिली.

मार्थाच्या घरात तिनं हंडा स्वतः वाकून टेकवला, पदराचा कोपरा बुडवून मार्थाच्या कपाळावर ठेवला. मार्थानं डोळे उघडले.

"कुठल्या हातानं आनला?"

"याच."

"डोईवर?"

"डोईवर."

"सांडलं किती?"

"लई."

मार्था हसली, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि तो खोकला लवकर थांबला नाही.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. वस्तीतल्या लोकांनी तिला माळाच्या कडेला, मोझेस मास्तरांच्या शेजारी, माती दिली. लंकाबाई गेली होती. सगळ्यांच्या मागं उभी राहिली आणि शेवटी पुढं होऊन उजव्या हातानं मूठभर माती टाकली. रोझीनं मार्थाची जुनी गोफण तिच्या हातात दिली.

पितळेचा हंडा उंबऱ्याच्या आत परत आलाच नाही. भागूबाईनं तो राखेनं घासला, विस्तवावर धरला, तरी मन घेईना. तो कायमचा गोठ्यात गेला. श्रीगोंद्याला कुणी गेलं नाही. हंडा डोक्यावर आला म्हणून गेलं नाही, की पहिली सून वस्तीत पाणी वाहते अशा घरात काकासाहेब पोरगी देईना म्हणून, यावर पारापाशी दोन तट पडले. भागूबाईला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "हात चालतो तिचा. नको तेवढा चालतो."

 बैलांच्या दाव्याचं सूत घेऊन भिमाजी चार संध्याकाळी काहीतरी वळत बसला, आणि एका सकाळी लंकाबाईच्या खुंटीला नवी गोफण दिसली. वासरांचे पाय तो अजूनही बांधतो. फक्त मालकाला आता सांगतो, लवकर सोड, हलता ठेव.

लंकाबाई रोज आंघोळीच्या वेळी डाव्या छातीवरून बोटं फिरवते. थांबून, दाबून, काखेपर्यंत. अजून तरी काही लागलेलं नाही. तिसऱ्या प्रहरी ती दोन गोफणी घेऊन माळावर जाते. दिवस बुडायला आला की गावात आवाज येतो. नवी गोफण खणखणीत वाजते. मार्थाची झिजलेली, तिचा आवाज फाटका येतो. मार्थाचं नाव घेऊन लंकाबाई कुणाला शिव्या देते, मडक्याला की आभाळाला, हे ऐकायला तिकडं कुणी जात नाही.

भागूबाई घरात समई पुसून, वात घालून बसलेली असते. पहिला आवाज आला की शेजारची मुक्ताबाई भिंतीपलीकडून म्हणते, "झाली बाई तुमच्या सुनंची गोफन. लावा दिवा."

"थांब जरा," भागूबाई म्हणते, काडी हातात धरून. "मार्थीची ऱ्हायलीय."